शेवटच्या घोटानंतर

मिरजेच्या पोटविकार संस्थेत दुसऱ्या मजल्यावर एक यंत्र होतं. कागदोपत्री त्याचं नाव 'अनुमान', पण सफाईवाल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला 'पंचांग' म्हणत. कुणाला गुण येणार आणि कुणाला नाही हे ते आधीच सांगून टाकायचं, आणि एकदा त्यानं सांगितलं की वाद घालायची सोय नव्हती. ते चालवणारी पद्मजा चौगुले तर वाद घालणाऱ्याला दारातही उभं करत नसे. "आकडा खोटं बोलत नाही," एवढं म्हणायची आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची.

एका गुरुवारी तिनं अशीच हाक मारली आणि दारातून भूपाल मगदूम सर आत आले.

पद्मजा खुर्चीतून ताडकन उठली. वय वर्षं छत्तीस, पदरी दोन पदव्या, हाताखाली चार माणसं, पण हात आपोआप पाठीमागे गेले. आष्ट्याच्या मैदानावर सरांसमोर असंच उभं राहायचं असे. आठवीपासून बारावीपर्यंत ती त्यांच्या खो-खोच्या संघात होती.

"बस गं," सर म्हणाले. "इथं काय मैदान हाय व्हय?"

आवाज तोच होता, पण माणूस निम्मा झाला होता. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. मागून काकू आल्या, सरांच्या मंडळी. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"दोन वर्सं झाली बघ पद्मे. घास म्हणून खाली उतरत न्हाई. भाकरी छातीत बसतीया, मग उलटून पडतीया. एकोणीस किलो उतरलेत. आणि ह्यांनी सांगितलं कुणाला? डबा पोरींना वाटायचा आणि ढेकर दिल्याचं सोंग करायचं."

"सोंग न्हवतं," सर म्हणाले. "ढेकर खराच यायचा. जेवणच काय ते जायचं न्हाई."

पद्मजाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. हा आजार तिला पाठ होता.

आपण घास गिळतो म्हणजे तो वरून खाली पडतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. उलटं टांगलेला माणूसही गिळू शकतो. घशापासून पोटापर्यंत वीतभर लांबीची स्नायूंची नळी असते, आणि ती घासाला मागून दाबत दाबत पुढं नेते. टोकाला झडप असते. घास जवळ आला की ती उघडते, गेला की मिटते. हा सगळा कारभार नळीच्या भिंतीतल्या दोन तऱ्हेच्या नसा बघतात. एक सांगते 'आवळ', दुसरी सांगते 'थांब, सैल सोड'. सरांच्या आजारात ही 'थांब' म्हणणारी नस आधी मरू लागते. मग झडप उघडायचं विसरते आणि घास दारात ताटकळत बसतो.

पूर्वी डॉक्टर फुग्यानं झडप ताणत, नाहीतर आतून छेद देत. दार उघडं व्हायचं, पण नळी मुकीच राहायची. गेल्या पाच वर्षांत मात्र रोपण आलं होतं. पेशंटच्याच आतड्यातून चेतापेशी काढायच्या, पुण्याच्या प्रयोगशाळेत त्या वाढवायच्या आणि नळीच्या भिंतीत पेरायच्या. पेरलेलं रुजलं तर माणूस पहिल्यासारखा जेवायला लागे. पण रुजायला जुन्या नसा थोड्या तरी जिवंत लागत, त्यांच्या आधारानंच नव्या पेशी वाट शोधत. साफ मेलेल्या नळीत रोपण केलं तर नळीला भोक पडून जिवावर बेतायचं. म्हणून आधी पंचांग.

पेशंटनं एक बारीक, मऊ धागा गिळायचा. त्याच्यावर तीनशे संवेदक असत, पण दिसायला तो अगदी शेवईसारखा होता आणि सगळे त्याला शेवईच म्हणत. तो नळीभर पसरला की पेशंटनं पाणी प्यायचं. कुठं दाब पडतो, कुठं पडत नाही ते सगळं शेवई कळवायची आणि तासाभरात आपोआप विरघळून जायची. त्यावरून पंचांग त्या माणसाच्या नळीची हुबेहूब जुळी नळी संगणकात उभी करायचं, तिच्यावर दहा हजार वेळा लुटुपुटीचं रोपण करायचं आणि शंभरातल्या किती वेळा घास उतरला ते सांगायचं. चाळीसच्या वर आकडा आला तर रोपण, खाली आला तर नाही.

सरांनी शेवई गिळली. भिंतीतून पद्मजाचाच रेकॉर्ड केलेला आवाज आला, "घाबरू नका. घरी पिता तसं पाणी प्या."

सरांनी कागदी कप उचलला, मान मागं टाकली, कप ओठांपासून चार बोटं वर धरला आणि धार सोडली. पाच घोट, एका दमात. पद्मजाला भरून आलं. मैदानावर चौदा पोरींत एकच तांब्या असायचा, आणि तांब्याला तोंड लावलं की मैदानाला तीन फेऱ्या. पन्नास वर्षं हा नियम पाळलेला माणूस कागदी कपाला तरी तोंड कसं लावेल? सरांनी कप खाली ठेवला आणि पद्मजानं सवयीनं 'पुरे'चं बटण दाबलं. बाहेर अजून बावीस जण बसले होते.

दहा मिनिटांनी आकडा आला.

"किती?" सरांनी विचारलं.

"सर, डॉक्टर मॅडम सांगतील ना..."

"तुला विचारतोय मी."

पद्मजानं पडदा त्यांच्याकडं वळवला. "अकरा."

"आणि पास व्हायला?"

"चाळीस."

"ह्या!" सर म्हणाले. "एवढं कमी मार्क मला गणितात बी पडलं न्हाईत."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी पद्मजाचा हात धरला. "पुन्यांदा कर की गं. एकदा पुन्यांदा बघ."

आकडा कमी आलेल्या प्रत्येकाला द्यायचं उत्तर पद्मजाच्या तोंडात तयार होतं, पण ते बाहेर पडेना. तिच्याऐवजी सरच उठले आणि काकूंची पिशवी त्यांनी खांद्याला लावली. "कमळे, चल. घड्याळ खोटं बोलत न्हाई."

हे वाक्य पद्मजानं याआधी एकदा ऐकलं होतं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. राज्य संघाच्या निवडीत बचावाची वेळ तीन दशांश सेकंदांनी कमी पडली, आणि सरांनी स्वतःच्या आवडत्या खेळाडूला घरी बसवलं होतं. ती आठवडाभर रडली, वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि पुढं सगळं आयुष्य तिनं त्याच वाक्यावर रचलं. घड्याळाच्या जागी आकडा आला, इतकंच. आता तेच वाक्य तिच्या अंगावर उलटलं होतं आणि सर तर साधे चिडलेसुद्धा नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

डॉ. तस्नीम नायकवडींनी रिपोर्ट पाहिला आणि बुधवारची तारीख दिली. पोटात नळी घालायची आणि जन्मभर पातळ अन्न त्यातून द्यायचं. जाता जाता सर पद्मजाच्या दारात थांबले.

"रविवारी सकाळी मैदानावर ये. दुपारी तासगावला फायनल हाय. पोरींना तुझी साखळी दाखवायची हाय. माझ्यात आता पळायचा दम न्हाई."

नाही म्हणायचं तिला कधी जमलंच नव्हतं.

रविवारी सात वाजता आष्ट्याच्या मैदानावर आठ पोरी ओळीत बसल्या होत्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. त्यांच्यामधून नागमोडी पळत पद्मजानं साखळी दाखवायला घेतली. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत श्वास लागला. तिसऱ्या फेरीत संघाची कप्तान संयोगिता हिनं खो मिळताच उठून तिला असं काही पकडलं की पद्मजा सरळ मातीत बसली.

"म्हातारी झालीस गं," सर लांबून ओरडले. "पाणी पी."

तांब्या आला. पद्मजानं मान मागं टाकली आणि धार सोडली. घट, घट, घट. सात-आठ घोट एका दमात गेले. तिनं तांब्या खाली घेतला, बाहीनं हनुवटी पुसली. आणि मग, पिणं संपून चांगले तीन-चार सेकंद झाल्यावर, छातीच्या मधोमध काहीतरी ठामपणे वरून खाली सरकलं.

ती तशीच बसून राहिली. असं होतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. प्रत्येकालाच ठाऊक असतं, पण त्याकडं लक्ष कोण देतो? तिनं वर पाहिलं. तांब्या ओळीनं फिरत होता. एकीनं मान मागं टाकली, मग दुसरीनं, मग तिसरीनं. ओठ कुणाचेच लागत नव्हते. मध्ये कुणी थांबत नव्हतं.

आणि मग तिला कागदी कप आठवला. चार बोटं वर धरलेला. आणि तो खाली ठेवताक्षणी 'पुरे'वर पडलेलं स्वतःचं बोट आठवलं.

"काय झालं गं?" मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या काकूंनी विचारलं. "लागलं काय?"

"न्हाई काकू. भूक लागलीया," पद्मजा म्हणाली. खोटं काही तरी बोलायला हवं होतं, आणि आकड्यावाचून तोंड उघडायचं नाही ही तिची सवय अजून सुटली नव्हती. काकूंच्या ओसरीवर तिनं दोन भाकऱ्या आणि वाटीभर मटकीची उसळ घाईघाईनं संपवली. सर समोर ताक घेऊन बसले होते. एकेक चमचा घेत होते आणि छातीवर मूठ चोळत होते. तिची भाकरी ते ज्या नजरेनं बघत होते ती नजर बघून तिला एक घास जास्तही खाववला नाही आणि एक कमीही.

अकरा वाजता ती संस्थेत होती. सोमवारसाठी एकच शेवई कोमट पाण्यात भिजून तयार होती. ती तिनं स्वतःच गिळली.

पहिल्यांदा तिनं कपाला तोंड लावून एकेक घोट घेतला, प्रत्येक घोटानंतर थांबून. पडद्यावर प्रत्येक घोटामागं लाल पट्टा वरून खाली उतरत गेला. आकडा आला शहाण्णव. मग तिनं मान मागं टाकून धार सोडली आणि कप ठेवताच 'पुरे' दाबलं. पडदा वरपासून खालपर्यंत निळाशार. कुठंही हालचाल नाही. आकडा आला नऊ.

पद्मजा त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं हसली. दोन तासांपूर्वी दोन भाकऱ्या हाणलेली तिची नळी पंचांगाच्या मते मेलेली होती!

तिसऱ्या वेळी तिनं पुन्हा धार सोडली, कप खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. एक. दोन. तीन. चौथ्या सेकंदाला पडद्याच्या वरच्या टोकाला लाल ठिपका उमटला, फुगला, आणि झपाट्यानं खाली उतरत झडपेपर्यंत गेला. झडप उघडली आणि मिटली.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. "मॅडम, लवकर या. पंचांगानं मला मारलंय."

अर्ध्या तासात डॉ. तस्नीम धापा टाकत आल्या आणि तिन्ही चित्रं बघून मटकन खुर्चीत बसल्या.

"अगं, सरळ आहे की हे," त्या म्हणाल्या. "घोटावर घोट येत असतील तर नळीनं आवळायचंच नसतं. आवळली तर पुढचा घोट आपटेल. ती 'थांब'वाली नस नळीला धरून ठेवते. शेवटचा घोट गेला की मगच सोडते."

"म्हणजे मेलेली नळी पण गप्प आणि वाट बघणारी पण गप्प?"

"आणि फरक शेवटच्या घोटानंतर कळतो."

"तिथंच मी 'पुरे' दाबते," पद्मजा म्हणाली.

मूळ सूचनेत एकेक घोट घ्या, मध्ये अर्धा मिनिट थांबा, असं लिहिलेलं होतं. पेशंट घाबरायचे, घोट चुकायचा, रांग वाढायची. म्हणून पद्मजानंच चौदा महिन्यांपूर्वी स्वतःच्या गोड आवाजात ती सूचना बदलली होती. 'घरी पिता तसं' म्हटल्यावर शहरातली माणसं घोट घोट प्यायली. शेतावर, गिरणीत, मैदानावर एका भांड्यातून पाणी प्यायची सवय असलेल्यांनी धार सोडली. दोघांचाही आकडा पंचांगानं त्याच ठामपणे सांगितला.

"चाळीसच्या खाली किती जण गेले?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर सोडून तेवीस." तिला यादी काढावी लागली नाही. "मॅडम, जुनं काही सापडणार नाही. 'पुरे' दाबल्यानंतरचं यंत्र ठेवतच नाही. सगळ्यांना परत बोलवायला लागणार."

"बोलवू. पण आधी तुझे सर. रोपणाच्या या खेपेची पुण्याला जाणारी यादी आज सहाला बंद होते. पुढची खेप चार महिन्यांनी, आणि त्यांचं वजन बघता..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. "दुसरी शेवई भिजत घाल."

शेवई जागी व्हायला तीन तास लागतात. ते तीन तास पद्मजानं कसे काढले ते तिलाच माहीत. सरांचा फोन बंद होता. सामन्याच्या दिवशी तो बंदच असायचा, हाही एक नियम होता. सव्वातीनला तिनं शेवई थर्मासमध्ये घातली, पाटीएवढा पडदा काखेत मारला आणि गाडी तासगावच्या रस्त्याला लावली.

तासगावच्या शाळेचं मैदान गर्दीनं फुललं होतं. पहिला डाव रंगात आला होता. सर रेषेपाशी उकिडवे बसले होते आणि एवढ्या अशक्त माणसाच्या गळ्यातून एवढा आवाज कसा निघतो याचं आजूबाजूची माणसं नवल करत होती.

"सर, तपासणी पुन्हा करायची आहे. आत्ता."

"डाव चाललाय."

"सर, सहाच्या आत आकडा गेला नाही तर..."

"संयोगिता, खांब धर, खांब!" सर ओरडले, आणि मग तिच्याकडं न बघताच म्हणाले, "मध्यंतराला सहा मिनिटं हायती. तोवर गप बस."

ती गप्प बसली. तिच्यापुढं दुसरा इलाज नव्हता. पाच वाजायला दहा मिनिटं असताना शिट्टी झाली. घामेजलेल्या पोरी भोवती गोळा झाल्या, काकूही आल्या, आणि पद्मजानं शेवई सरांच्या हातात देता देता सगळं एका दमात सांगून टाकलं. धार, तांब्या, निळा पडदा, स्वतःचे नऊ मार्क आणि 'पुरे'चं बटण. शेवटी ती म्हणाली, "चूक माझी आहे, सर."

सरांनी शेवई गिळली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि तिच्याकडं बघून डोळे मोठे केले.

"म्हंजे घड्याळ तू लवकर दाबलंस की!"

"हो."

"अगं, ओळीत बसलेली पोरगी काय मेलेली असती व्हय? तिला खो मिळालेला नसतोय. त्या आधी उठली तर फाऊल. पाच वर्सं माझ्यापाशी खेळलीस आणि एवढं कळंना तुला?" पोरी फिस्सकन हसल्या. सरांचा आवाज मात्र जरा खाली आला. "एक सांगू? तुझ्या निवडीच्या दिवशी घड्याळ माझ्याच हातात हुतं. तीन दशांशाचं म्हणशील, तर माझं बोट तेवढं पक्कं न्हाई. तवाबी न्हवतं. हे मला त्याच दिवशी ठाव हुतं."

एकोणीस वर्षांत तिनं या वाक्याची किती वेळा वाट पाहिली होती! आणि आता ते आलं तेव्हा तिला रागवायलासुद्धा सवड नव्हती. "तांब्या द्या," ती म्हणाली.

सरांनी मान मागं टाकली. एक, दोन, तीन, चार, पाच घोट. तांब्या खाली आला. पडदा निळा होता.

एक. दोन. पोरींनी माना पुढं काढल्या. तीन. चार. पद्मजाच्या निरोगी नळीत चौथ्याला ठिपका आला होता. इथं काहीच नाही. पाच. काकूंनी डोळे मिटले. सहा. पंचांग खरं निघालं तर आपण या माणसाला दुसऱ्यांदा, तेही चौदा पोरींदेखत, नापास करणार आहोत, असं पद्मजाच्या मनात आलं.

सातव्या सेकंदाला वरच्या टोकाशी फिकट पिवळी रेघ उमटली. लाल नव्हे, पिवळीच. ती थरथरली, थांबली, पुन्हा सरकली, आणि अर्ध्या वाटेपर्यंत येऊन विरली.

"आली!" पद्मजा किंचाळली. "आली, आली, सर! आहेत! नसा आहेत!"

पोरींना काही कळलं नव्हतं, पण त्यांनी असा गलका केला की पंच धावत आले. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा घुमू लागला. तो थांबेपर्यंत दुसरा डाव सुरूही झाला होता. अठ्ठावन्न! पाच वाजून दहा मिनिटांनी डॉ. तस्नीमनी फोनवर फक्त "पाठवलं" एवढंच म्हटलं, आणि पद्मजानं मैदानाच्या कडेला फतकल मारून मनसोक्त रडून घेतलं. पोरी मात्र दोन गुणांनी हरल्या. त्याचा सगळा दोष सरांनी तिच्यावर टाकला. मध्यंतरात लक्ष उडवलं म्हणून.

सोमवारी पद्मजानं भिंतीतला आपला गोड आवाज पुसून टाकला. नव्या सूचनेत पिण्याची रीत आधी विचारायची आणि भांडं खाली ठेवल्यावर वीस सेकंद बटणाला हात लावायचा नाही, असं होतं. मग तिनं तेवीस जणांना स्वतः फोन केले. प्रत्येकाला तिनं "चूक माझी झाली" असं म्हटलं. काही जण रागावले, एक आजी आशीर्वाद देत सुटल्या, आणि कवठ्याच्या एका घरी फोन उचलणाऱ्या मुलानं वडील दिवाळीतच गेल्याचं सांगितलं. त्यांनी पाणी कसं प्यायलं होतं ते तिला आठवत नव्हतं, आणि ते आता कुणालाच कळणार नव्हतं. उरलेल्या बावीसपैकी चौदा जण चाळीसच्या वर निघाले.

सरांचं रोपण नीट पार पडलं. नव्या पेशी रुजायला चाळीस दिवस लागतात. तोवर पोटात घातलेल्या तात्पुरत्या नळीतून पातळ अन्न, तोंडानं काही घ्यायचं नव्हतं. डॉ. तस्नीमनी आधीच सांगून ठेवलं होतं की अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न, शंभरात बेचाळीस वेळा हेच रोपण फुकट जातं. पद्मजाला ते ठाऊक होतंच. तरी रोज सकाळी उठल्यावर तिला आधी बेचाळीसच आठवायचे.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी ती शेवई आणि पडदा घेऊन आष्ट्याला गेली. सर मैदानावरच होते. पोरींनी सराव सोडून कुठंही जायचं नाही असं त्यांनी बजावलेलं होतं, त्यामुळं आठ जणी ओळीत आपापल्या चौकोनात बसल्या होत्या, माना मात्र सगळ्यांच्या एकाच दिशेला. काकूंनी फडक्यात भाकरी आणली होती.

पद्मजानं थर्मास उघडला.

"ऱ्हाऊ दे ते," सर म्हणाले. "आज मशीन नको."

"सर, पण आकडा कळायला..."

"कळंल की. मला कळंल."

त्यांनी तांब्या उचलला, मान मागं टाकली आणि धार सोडली. पाच घोट. तांब्या खाली ठेवला. पद्मजाचं बोट उगाचच वळवळलं. तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि मनात मोजायला लागली. एक. दोन. तीन. सरांनी तळवा छातीवर ठेवला होता. चार. पाचव्या सेकंदाला त्यांची भुवई हलली. तळवा हळूहळू खाली सरकत पोटापर्यंत आला आणि तिथं थांबला.

काकूंच्या हातातली भाकरी घेऊन त्यांनी कोरडा तुकडा मोडला, दोन वर्षांची उधारी असल्यासारखा सावकाश चावला आणि गिळला. काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. पुन्हा तळवा छातीवर गेला, आणि पुन्हा खाली आला, या वेळी एकदाही न अडखळता.

सरांनी पद्मजाकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. मग ते मैदानाकडं वळले आणि मिरजेपर्यंत ऐकू जावं अशा आवाजात ओरडले,

"खो!"

ओळीत बसलेल्या आठही पोरी एकदम उठल्या.